उजवा कुणाचा

"मुलगी चालेल गं. वडिलांच्या हातात माईक तेवढा द्यायचा नाही."

"का गं?"

"का म्हणजे? रिसेप्शनला उभे राहतील आणि म्हणतील, 'जेवल्याबिगर जायचं न्हाई हाय.'"

त्यावर तिसरं कुणीतरी हसलं. नाकातून, हळू, आवाज लांब जाऊ नये अशा बेताने.

मी गाडीच्या उघड्या डिकीमागे वाकून पाण्याच्या बाटल्या काढत होते. डिकीचं दार वर असल्यामुळे त्या तिघांना मी दिसत नव्हते आणि मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. मुलाच्या मावशीचे नवे कोरे पांढरे शूज, मुलाच्या आईच्या सँडल, आणि मुलाचे ट्रेकिंगचे बूट, ज्यांच्यावर जुन्या गडांचा चिखल जपून ठेवलेला होता. हसू आलं तेव्हा त्या बुटांच्या टाचा किंचित उचलल्या गेल्या. म्हणजे हसला तो मुलगाच.

'न्हाई हाय' असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. 'न्हाई' म्हटल्यावर पुढे 'हाय' लागत नाही. नक्कलसुद्धा धड नव्हती. मला पहिला राग त्याचाच आला.

पप्पा तेव्हा जरा लांब, पायथ्याच्या घरापाशी उभे राहून कुणाशी तरी बोलत होते. त्यांनी काही ऐकलं नाही. मी बाटल्या घेतल्या. आईने पहाटे उठून पाव्हण्यांसाठी लिंबाचं सरबत करून मोठ्या थर्मासमध्ये भरून दिलं होतं. तो थर्मास मी उचलला, क्षणभर हातात धरला आणि परत आत ठेवून डिकी लावली. माझ्या सुडाची सुरुवात इतकी क्षुल्लक होती.

हा कार्यक्रम म्हणजे मुलगी बघण्याचाच होता. फक्त पोह्यांच्या बशा नव्हत्या. मुलाला गडांचं वेड. त्याने सुचवलं होतं की हॉलमध्ये समोरासमोर सोफ्यावर बसून एकमेकांना प्रश्न विचारण्यापेक्षा एखादा गड चढू, माणूस चालताना खरा कळतो. त्याचं कुटुंब बऱ्याच वर्षांपूर्वी नोकरीसाठी नाशिककडून आलेलं, आता मारुंजीतच आमच्या घरापासून दोन चौक पुढे नव्या सोसायटीत राहणारं. आम्ही मूळचे मारुंजीचे. आमच्या शेतावर आता भाड्याच्या खोल्या आहेत आणि पप्पा अजूनही त्या जागेला 'वावर' म्हणतात.

मुलाने गडाचं नाव घेतल्यावर पप्पा फोनवरच हसायला लागले. तो गड त्यांच्या आजोळावरचा. लहानपणी मामाच्या गुरांमागे ते तिथे रोज चढायचे. त्या गडाचं नाव मी इथे लिहीत नाही. शनिवार-रविवारी तिथे गाड्या लावायला आधीच जागा उरत नाही.

मुलाच्या आईने निघतानाच स्पष्ट सांगून टाकलं होतं. "गड उतरेपर्यंत आपण एकमेकांना हो-नाही सांगून टाकू. उगाच लांबवायचं नाही. नाही म्हणालात तरी राग नाही." चांगली बाई. पप्पांना ते फार पटलं. त्यांना हे स्थळ हवं होतं. मुलगा शिकलेला, घर जवळ, मुलगी रोज दिसेल. मला विचारलं तेव्हा मी 'बघू' म्हणाले होते. आमच्या घरात माझ्या 'बघू'चा अर्थ 'हो' असा लावला जातो, आणि मी तो कधी दुरुस्त करत नाही.

त्या सकाळी पप्पांनी एक गोष्ट केली होती, जी बहुतेक फक्त माझ्या लक्षात आली. ते 'आहे' म्हणत होते. मारुंजीच्या चौकात त्या तिघांना गाडीत घेताना ते म्हणाले, "बसा. एसी चालू आहे." जपून, एकेक अक्षर वेगळं ठेवून, वर्गात उभं केलेल्या मुलासारखं. पुढे म्हणाले, "रस्ता आता चांगला झालेला आहे." पौड येईपर्यंत त्यांनी ते टिकवलं. मग पौडच्या पुढे रस्त्याकडेला भातकापणी दिसली, त्यांना ओळखीचं कुणी दिसलं, त्यांनी काच खाली करून हाक मारली आणि त्यानंतर ते विसरले. "हितनं पुढं धरान लागंल बगा, लई पानी हाय औंदा." मागच्या सीटवर मावशींनी मुलाच्या आईकडे बघितलं. आरशात मला दिसलं.

मी स्वतः 'हाय' कधी म्हटलेलं नाही. मी इंग्लिश मीडियमची. आमच्या शाळेत 'हाय' हा शब्द फक्त भेटल्यावर म्हणायचा होता. पप्पा न्यायला यायचे आणि गेटमधून विचारायचे, "डबा हाय का?" की माझ्या मैत्रिणी एका सुरात उत्तर द्यायच्या, "हाय, अंकल." पप्पांना वाटायचं, मुली सांगतायत की डबा आहे. ते खुश होऊन स्कूटरला किक मारायचे. त्यात वाईट कुणाचंच काही नव्हतं. पण मी तेव्हापासून घरात दोन मराठी ऐकत आले आणि दोन्हींत कमीत कमी बोलत आले. ऑफिसात लोक मला शांत म्हणतात. मी शांत नाही. मला राग आला की मी मनात ईमेल लिहिते. विषय लिहिते, मुद्दे लिहिते, शेवटी 'रिगार्ड्स' लिहिते आणि पाठवत नाही.

गडाची वाट सुरू झाली तेव्हा माझा पहिला ईमेल लिहून झाला होता. दुसरा त्याहून वाईट होता.

ऑक्टोबर संपत आला होता. गवत कमरेएवढं, टोकाला पिवळं पडलेलं. पप्पा मुलाच्या आईबरोबर मागे राहिले होते, कारण त्यांना चढाची सवय नव्हती आणि पप्पा त्यांना प्रत्येक झाडाचं नाव सांगत होते. पुढे मी, मुलगा आणि मावशी. थोडं वर गेल्यावर वाटेला दोन फाटे फुटतात. डावीकडची वाट झाडीतून वळसा घालून सावलीतून जाते. उजवीकडची म्हणजे वाट नाहीच, पावसाळ्यात पाणी उतरतं ती घळ, सुटे दगड आणि तापलेली माती. मी लहानपणी पप्पांबरोबर पुष्कळदा आलेली, त्यामुळे मला हे नीट माहीत होतं.

"कुठून जायचं?" मावशींनी विचारलं.

मी घळीकडे बोट केलं.

"जवळची आहे ना ही?"

"जवळची आहे," मी म्हणाले. ते खोटंही नव्हतं.

मावशी मोठ्या उत्साहाने चढायला लागल्या. चौथ्या-पाचव्या पावलाला दगड घसरला आणि त्या गुडघ्यावर आल्या. त्यांनी मागे हात केला, मी तो धरला. त्यांचा तळवा मऊ आणि गरम होता. "देवा," त्या हसत म्हणाल्या, "या मुलाच्या लग्नात नाचायला पाय शिल्लक ठेव रे." मला हसू येत होतं. मी ते येऊ दिलं नाही. त्या वाईट असत्या तर सगळं सोपं झालं असतं. सकाळपासून त्यांनी माझ्या ओढणीचं कौतुक केलं होतं, आपल्या पिशवीतली चिक्की आधी मला दिली होती आणि माझ्या आईच्या गुडघ्यांसाठी तेलाचं नाव सांगितलं होतं. अशी माणसं जेव्हा मागून बोलतात तेव्हा ते जास्त लागतं, कारण त्यांना आपण काही वाईट करतोय असं वाटतही नसतं.

तेवढ्यात खालून पप्पांचा आवाज आला. "आगं ए, तिकडनं कुटं नेतीस पाव्हण्यान्ला? तरास हुईल त्यान्ला. मागं फिरा, मागं." ते धापा टाकत वर आले, मावशींना हाताला धरून उतरवलं, त्यांच्या साडीला लागलेली माती स्वतः झटकता येत नाही म्हणून मला झटकायला लावली. मला हळूच म्हणाले, "इसरलीस व्हय वाट?"

मी मान हलवली. सावलीतल्या वाटेने सगळे पुढे निघाले. मावशी बहिणीच्या कानाशी लागून म्हणाल्या, "तरास," आणि दोघी ओठ मिटून चालू लागल्या.

या वाटेवर मुलगा माझ्या बरोबरीने आला. आईने त्याला मागून ढकललं असावं. तो गडांबद्दल बोलला, मग कामाबद्दल, मग त्याने विचारलं, "तुझ्या काही एक्स्पेक्टेशन्स?" मी म्हणाले, विशेष नाहीत. "सेम," तो म्हणाला. "मी खूप चिल आहे या बाबतीत." मग म्हणाला, "तुझे पप्पा किती क्यूट आहेत यार. एकदम रॉ."

रॉ. म्हणजे कच्चा. कैरी कच्ची असते, रस्ता कच्चा असतो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला कच्चा म्हणायचं आणि वर ते कौतुक समजायचं. मी "हं" म्हणाले. त्याला ते पुरलं. त्याला माझं शांत असणं आवडलेलं दिसत होतं. अशा मुलीसमोर माणसाला आपला आवाज छान वाटतो.

झाडी संपते तिथे कुंपणासारख्या वाढलेल्या वेलीवर शेंगा लटकत होत्या. सोनेरी-तपकिरी, मखमलीसारख्या, उन्हात चमकणाऱ्या. खाजकुयली. तिची लव नुसती हाताला लागली तरी माणूस दिवसभर अंग ओरबाडत बसतो, आणि धुतलं की आणखी पसरते. मावशी थांबल्या.

"अय्या, किती सुंदर. फुलदाणीत ठेवायला किती छान दिसतील."

त्यांनी हात पुढे केला. मी त्यांच्या अगदी शेजारी होते. माझं तोंड उघडं होतं की मिटलेलं, हे मला आठवत नाही. पण मी बोलले नाही, हे पक्कं आठवतं. मला त्या क्षणी त्यांचा तो मऊ तळवा दिसत होता आणि त्यावर लाल गांधी उठलेल्या दिसत होत्या. रिसेप्शनचा माईक हातात धरून दुसऱ्या हाताने तो हात खाजवत असलेल्या मावशी मला स्वच्छ दिसत होत्या.

"आँ, आँ, हात नगा लावू," पप्पा कुठून आले कोण जाणे. त्यांनी काठीने ती वेल बाजूला सारली, मावशींना पुढे काढलं आणि मग हसत हसत सांगितलं की लहानपणी त्यांनी मामाच्या धोतरावर हीच शेंग झटकली होती आणि मामा भर चावडीसमोर नाचले होते. मावशी खूप हसल्या. पप्पांनाही बरं वाटलं. त्यांना वाटलं, आपण पाव्हण्यांना हसवलं.

मी मागून चालत होते. दोनदा सापळा लावला आणि दोन्ही वेळा पप्पांनी पाव्हण्यांना त्यातून अलगद बाहेर काढलं. ज्यांच्यासाठी मी हे करत होते तेच दर वेळी माझ्या विरुद्ध बाजूला उभे होते. मला आता त्यांचाही राग यायला लागला.

गडाचा दरवाजा म्हणजे आता एक अर्धा खांब आणि बाजूची भिंत. कमान कधीच पडली. तिचे दगड वाटेवरच पसरलेत आणि येणाऱ्यांच्या पायांनी गुळगुळीत झालेत. वर सपाटी, त्यात घरांची जोती, गवतात लपलेली. एका कडेला कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं, आणि पूर्वेच्या टोकाला शिल्लक असलेला एकच बुरूज. बुरुजावर उभं राहिलं की मुळेचं सगळं खोरं दिसतं. धरणाचं पाणी डोंगरांच्या खाचाखाचांत शिरलेलं, आणि भिंतीच्या पलीकडे, पार लांब, नदी पुन्हा बारीक होऊन भातखाचरांतून निघून जाते.

मुलाने मोबाइल काढून पाण्याचा व्हिडिओ घेतला. मग त्याने आम्हाला समजावून सांगितलं की इथून घाटावर नजर ठेवत असत, शत्रू चढायला लागला की दोन प्रहर आधी कळायचं. चांगलं सांगितलं त्याने. आवाज बरा होता.

"व्हय," पप्पा म्हणाले. "नजर मोप हुती." त्यांनी पाण्याकडे काठी केली. "आमच्या आईच्या आज्याचं घर त्या तितं हुतं. त्या काळ्या पट्ट्याखाली. हितनं समदं दिसत हुतं, पानी चढताना. दिसून काय करायचं?"

मुलगा म्हणाला, "वॉव," आणि मोबाइल त्या बाजूला वळवला. मावशींनी तहान लागली म्हटलं. पप्पांनी मला विचारलं, "सरबत?" मी म्हणाले, गाडीत राहिलं. पप्पा माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. आईने थर्मास माझ्याच हातात दिला होता, हे त्यांना माहीत होतं. आपल्या बाटलीतलं पाणी त्यांनी मावशींना दिलं.

देवीचं ठाणं बुरुजाच्या आतल्या बाजूला आहे. छप्पर नाही, चार उभे दगड आणि मधे कमरेएवढ्या ओट्यावर शेंदूर फासलेला गोल तांदळा. डोळे चांदीचे, कुणीतरी नवसाचे बसवलेले. देवीचं तोंड खोऱ्याकडे. आपण तिच्याकडे बघतो तेव्हा आपली पाठ नदीकडे असते. तिथे रोजचा पुजारी नाही. ज्याला कौल लावायचा असेल त्याने तो स्वतः लावायचा. देवीच्या दोन खांद्यांवर पाण्याने दोन पाकळ्या चिकटवायच्या, मनातलं विचारायचं आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी गळाली तर हो. डावी गळाली तर नाही. लग्न, जमीन, विहीर, बैल, सगळं इथे विचारून झालेलं आहे.

मी लहान असताना मीही कौल लावला होता, परीक्षेसाठी. पाकळी गळाली तेव्हा मी उड्या मारल्या, उजवा, उजवा. पप्पांनी मला खांद्याला धरून फिरवलं आणि देवीच्या शेजारी, तिच्यासारखं खोऱ्याकडे तोंड करून उभं केलं. "आता सांग उजवा कुटला," म्हणाले. "तिला इचारलंय ना आपण? मग हात बी तिचाच धरायचा. आपला न्हाई."

कौलाची कल्पना मुलाच्या आईची. "एवढं वर आलोय, देवीसमोर एकदा विचारू या," त्या म्हणाल्या. "आमच्या गावाकडेही लावतात. पुजारी लावतो, आपण लांब उभं राहतो." त्यांच्या पिशवीत देवीसाठी आणलेला झेंडूचा हार होता. पप्पांचा चेहरा उजळला. ते पुढे झाले आणि सांगायला लागले, "तर कसं आसतं, ताई, हिथं उजवा म्हंजी…"

"उजवा म्हणजे होकार," मावशी म्हणाल्या. "माहीत आहे हो आम्हाला."

पप्पा थांबले. मग म्हणाले, "व्हय, त्येच." आणि मला म्हणाले, "तू लाव. कुवारणीनं लावावा."

मी टाक्यावर जाऊन ओंजळ ओली केली. हारातलं एक फूल सोडवून दोन पाकळ्या घेतल्या. ओट्याशी वाकले तेव्हा माझी पाठ सगळ्यांकडे होती. देवीच्या उजव्या खांद्यावर शेंदराचा ताजा थर होता, तेलकट, मऊ. तिथे मी पाकळी ठेवली आणि अंगठ्याने आत दाबली, अगदी रुतेपर्यंत. डाव्या खांद्याला मी पाकळी नुसती टेकवली. पाण्याचा थेंबही पुरता नव्हता.

मला पाप वगैरे वाटलं नाही. वाटायला हवं होतं का, हेही मी नंतर फार विचारात घेतलं नाही. मला एवढंच दिसत होतं की आता मला काही बोलावं लागणार नाही. देवी नाही म्हणेल. पप्पांना वाईट वाटेल, पण ते देवीपुढे वाद घालणार नाहीत. आणि त्या तिघांना आयुष्यभर सांगावं लागेल की एका गडावर, उघड्या आभाळाखाली, एका शेंदऱ्या दगडाने त्यांचा मुलगा नाकारला. माईकशिवाय.

मी बाजूला होऊन उभी राहिले. सगळ्यांनी हात जोडले. वारा नव्हता. खाली कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता. मुलाच्या आईचे ओठ हलत होते. मुलगा मोबाइल खिशात घालू की नको अशा विचारात. पप्पांनी डोळे मिटलेले, आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर घामाचा मोठा ठिपका.

डावी पाकळी सुकत गेली. तिची एक कड उचलली. ती थोडी वळली, तिरकी झाली आणि ओट्यावर पडली. उजवी तशीच, शेंदरात रुतलेली.

"उजवा," मावशी म्हणाल्या. त्यांनी टाळी वाजवली. "उजवा दिला गं देवीने. बघ, बघ, या बाजूची पडली." आणि त्यांनी आपला उजवा हात वर करून दाखवला.

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. मी एवढा सगळा बनाव केला, देवीला कामाला लावलं, आणि त्यांनी हातच बदलून टाकला होता. मुलाच्या आईने डोळे पुसले आणि मला जवळ घेतलं. त्यांच्या खांद्यावरून मला मुलगा दिसत होता. तो कुणालातरी मेसेज करत होता.

पप्पांनी डोळे उघडले होते. ते पडलेल्या पाकळीकडे बघत होते. मग त्यांनी शेंदरात रुतलेल्या पाकळीकडे बघितलं, जरा जास्त वेळ, आणि मग माझ्याकडे. थर्मासच्या वेळी बघितलं होतं तसंच. त्यांच्या चेहऱ्यावर रागाचं काही नव्हतं. कुणीतरी हिशेबाबाहेरचं काही बोलावं आणि आपण ते पुन्हा ऐकायला कान पुढे करावा, तसं ते बघत होते.

"न्हाई, मावशी," ते हळूच म्हणाले. "जरा चुकतंय. द्येवीचा उजवा…"

"आता 'न्हाई' काय हो?" मावशी हसल्या. आनंदाने, मोकळेपणाने, सोयरीक जुळल्याच्या हक्काने. "शुभ वेळेला 'न्हाई' म्हणायचं न्हाई. 'हाय' म्हणायचं हाय."

मुलगा हसला. नाकातून, हळू. डिकीमागे ऐकलं होतं तेच हसू. मुलाच्या आईने "अगं" म्हणत बहिणीच्या दंडाला चिमटा काढला, पण ओठ त्यांचेही मिटलेले होते, हसू आत ठेवून.

पप्पा उभे होते. त्यांना कळलं. सकाळपासूनचं सगळं त्यांना एकदम कळलं असावं, गाडीतलं, वाटेवरचं. खाजकुयलीच्या गोष्टीवर कोण कशाला हसलं तेही. त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली. ती नीटच होती. मग पाव्हण्यांकडे बघून, तोंडात एकेक अक्षर वेगळं करून, ते म्हणाले,

"बरोबर आहे तुमचं."

आहे.

माझ्या मनात त्या वेळी एकही ईमेल नव्हता. मी मुलाच्या आईचा हात खांद्यावरून काढला. ओट्याला वळसा घालून देवीच्या शेजारी गेले आणि तिच्यासारखंच खोऱ्याकडे तोंड करून उभी राहिले. समोर ते चौघे, त्यांच्या मागे बुरूज, आणि त्याच्या खाली ते सगळं पाणी. मावशी अजून हसत होत्या. त्यांना वाटलं, मी फोटोसाठी उभी राहिलेय. मुलाने खरंच मोबाइल वर धरला. मी डावा हात उचलला आणि पडलेल्या पाकळीवर ठेवला. ते शब्द मी जन्मात तोंडाने उच्चारले नव्हते. पण रोज कानावर पडलेले होते, आणि ते सगळे जिथल्या तिथे होते.

"ह्यो डावा हाय, मावशी. द्येवीचा हात धरत्यात हितं, तुमचा न्हाई. ती न्हाई म्हणतीया. आन मी बी."